फुलीचं ताट

"ए बाई, ते ताट काढ आधी. पाव्हण्यांच्या मशीनमध्ये काहून टाकून राहिली?"

मालक ओरडले ते माझ्या याडीवर. ताट टाकलं होतं मी.

याडी म्हणजे आई. आम्ही तांड्यावरचे. वसमतच्या एका मंगल कार्यालयात ती कित्येक वर्षं भांडी घासायची. मशीन आल्यावर खरकटं झाडून ताटं आत लावायची, एवढंच काम उरलं. मी असलीच भांडी धुणारी मशीनं दुरुस्त करतो. त्या दिवशी दुपारचं लग्न होतं आणि मशीन पाणीच फेकेना. मला बोलावलं. बाईचं पोरगं, हक्काचं.

बोअरचं जड पाणी. फवाऱ्याची भोकं क्षारानं बुजली होती. दांडा काढला, तारेनं एकेक भोक मोकळं केलं, परत बसवला. आता धुऊन बघायला एखादं खरकटं ताट हवं होतं. खिडकीत एक दिसलं. टाकलं आत, झाकण ओढलं. पाणी जोरात सुटलं. खोटं कशाला सांगू, याडीसमोर मला अभिमान वाटला.

झाकण उचललं तेवढ्यात मालक आले. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. तिथल्या प्रत्येक ताटावर कार्यालयाचं नाव कोरलेलं. ह्या एका ताटावर नुसती फुली. मी ती बघितलीच नव्हती. मालकांना लांबून दिसली.

याडी धावत आली. वाफ निघत होती, तरी तिनं ताट ओढून काढलं. बोटं पोळली. ताट छातीशी धरून म्हणाली, "चुकलं मालक. पोराला ठावं न्हाई."

तिला ठाऊक होतं, आपलं ताट वेगळं ठेवलंय ते. इतकी वर्षं. आणि घरी मला सांगायची, "लई चांगले लोकं हायेत. जेवल्याबिगर येऊ देत न्हाईत."

मालक माझ्याशी मऊ बोलले. "तुझ्यावर राग न्हाई बाबा. तू मिस्त्री माणूस. फकस्त मशीन एकडाव रिकामं फिरव, मंग पाव्हण्यांची ताटं लावू."

रिकामं फिरव. म्हणजे मशीनला आंघोळ घाल. माझी बोटं त्याच्या पोटात फिरलेली चालली. माझी आई जेवली ते ताट मात्र बाटवणारं. ते ऐकून मला रडू आलं, आणि रडू आल्याची चीड आली.

"न्हाई फिरवत," मी म्हणालो.

हत्यारांची पेटी उचलली. दाराशी आलो तर मागे मशीनचा आवाज सुरू झाला. वळून बघितलं. बटण याडीनं दाबलं होतं.

ती अजून तिथं जाते. त्यावर आमचं बोलणं होत नाही. तिच्यावर रागावू कसा? तिनं मला त्याच अन्नावर वाढवलं. पण तिथून दोनदा फोन आला, मी गेलो नाही. जाणारही नाही.

आता कुठल्याही हॉटेलात गेलो की पेटी उघडण्याआधी विचारतो, इथं भांडी घासणारी बाई कशात जेवते? कुणी हसतं, कुणी चिडतं, कुणी हाकलून देतं. मी म्हणतो, सांगू नका, दाखवा. दाखवलं नाही तर तुमचं मशीन बंद राहू द्या.