खिमा नव्हे, किमची: पेण ते वरसे

स्वस्ति श्री. शब्दव्युत्पत्तिसागरमंथनपटू, गृहनिर्माणसंस्थामाजीसहचिटणीस, पापडपरीक्षणप्रवीण, अर्जितरजासंचयसम्राट अशा आमच्या स्वारीने गेल्या शनिवारी पेणहून रोह्याकडे प्रस्थान ठेवले. रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावी आमची भाची सानिका त्याच संध्याकाळी खाद्यपदार्थांची गाडी सुरू करणार होती, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, फलकावरील एका शब्दापायी दारातली जागा नाकारली होती. 'मामा, तुम्ही भाषेतले. लवकर या,' असा तिचा निरोप.

इच्छुकांनी दिवा-रोहा गाडी धरावी. तिकीट दोन कटिंग चहांत बसते, खिडकी बहुधा मिळते, पंखा बहुधा फिरत नाही. निडीला उतरणारी एक बाई दुसरीला सांगत होती, "सून नूडल करते गो, मी नाय म्हणत नाय. पन भात तो भात." विषयप्रवेश मनाजोगता झाला. रोहा स्थानकाबाहेर रिक्षा मिळते. ती पूर्ण भरल्याविना हलत नाही, आणि 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ चालक ठरवतो.

भावोजी माळकरी. दाराबाहेर अडवून ठेवलेल्या गाडीवर ठसठशीत अक्षरे: 'किमची'.

"माझ्या दारात खिमा नाय चालायचा," ते म्हणाले.

"बाबा, कोबीचं लोणचं हाय ते," सानिका म्हणाली.

"नाव खिम्याचं नि आत कोबी? मग तर फसवनूकच."

आम्ही आसनस्थ होऊन निवेदिले की शब्द कोरियाचा असून इंग्रजीने तो जसाच्या तसा उचलला. खिम्याशी त्याची सोयरीक नाही. आंग्लभाषा याबाबत फार उदार. टोफू, लिची, वोक नावाची कढई, सारे मूळ चीनकडचे. भावोजींच्या कपातील द्रवाचेही तेच: आपला चहा आणि इंग्रजांचा टी ही एकाच पानाची दोन चिनी प्रांतांतली नावे.

भावोजींनी कपात पाहिले. "म्हंजे मी रोज सकाळी चायनीज पितो?"

"व्हय," सानिका म्हणाली.

"माळ घालून?"

"चहा वनस्पतिजन्य आहे, भावोजी."

किमचीला प्रवेश मिळाला. येथे शहाण्याने थांबावे. आम्ही केचपकडे वळलो. तेही नाव इंग्रजांचे नव्हे, आम्ही म्हणालो. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर ते माशांच्या आंबवलेल्या रसाला होते.

"कशाच्या?"

"माशांच्या. परंतु आता टोमॅटो..."

"नाव माशाचं नि आत टोमॅटो," भावोजी म्हणाले, आणि गाडीवरच्या केचपच्या बाटल्या एकेक करून घराबाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवल्या.

सानिका शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्ही आत जा. आईला चिंच कोळू लागा."

व्युत्पत्तिसागरमंथनपटूंनी चिंच कोळली. दिवेलागणीला जवळच्या कंपनीची शिफ्ट सुटली नि गाडीभोवती माणसे जमली.

"केचप नाय?" एकाने विचारले.

"नाय. चटणी घेऊन बघा," सानिका म्हणाली.

त्याने बघितली, मग आणखी मागितली. भावोजी तोवर गाडीशेजारी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होते, "कोबी हाय. खिमा नाय."

घरी परतल्यावर काय उरले? बोटांवर चिंचेचा रंग, पुन्हा येण्याचे आमंत्रण (मौनाच्या अटीवर), आणि किमचीची एक बरणी. बरणीवर आलेले झाकण दुसऱ्याच बरणीचे आहे. ते फिरते, बसत नाही. शीतकपाटातल्या ताकाला कोरियाचा वास येतो. योग्य झाकण पिशवीत घातले होते, असे ताई म्हणते. पिशवीत ते नाही. आम्ही तीनदा झटकली.