मामांवर समन्स बजावण्याची गोष्ट

आमच्या मामांइतका घरात असून घरी नसणारा माणूस रिसोडपासून वाशीमपर्यंत दुसरा झाला नसेल. शेजाऱ्याने त्यांच्यावर बांध कोरल्याचा दावा लावला, तेव्हापासून तर हे कसब फारच बहरले. मुदतीत समन्स बजावले गेले नाही तर दावा फेटाळतात, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. झाले! बेलिफ शिवेवर दिसला की मामा कधी कडब्याच्या गंजीत शिरत, कधी धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरत. एकदा तर मामीचे लुगडे डोक्यावरून घेऊन जात्यावरच बसले. ओसरीवरचा बेलिफ हलेना, त्यामुळे मामांना दळण थांबवता येईना. तो गेला तेव्हा आठवड्याचे पीठ तयार होते.

"रोज येत जाय म्हना त्याले," मामी म्हणाली.

शेवटी कोर्टाने समन्स दारावर डकवायचा हुकूम दिला. मामांनी रातोरात दाराची फळी काढली आणि बैलगाडीत घालून शेतात नेली. सकाळी बेलिफ खळीचे डबडे घेऊन उघड्या चौकटीसमोर उभा.

"बाई, दार कुठी हाय?"

"मालकासंग गेलं."

मुदतीचा तो शेवटचा दिवस. बिचारा भर उन्हात दाराच्या शोधात शेताकडे निघाला. मामा खोपीत त्याच दाराआड बसून फटीतून त्याला पाहत होते. बेलिफ बांधापर्यंत आला आणि भोवळ येऊन पडला.

मामा उठून धावले. त्याला उचलून सावलीत आणले, दाराच्या फळीवरच निजवले, डोक्याला कांदा लावला, घोट घोट पाणी पाजले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"लय उपकार झाले. नाव काय तुमचं?"

मामांनी नाव सांगितले. बापाच्या नावासकट. बेलिफ त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने समन्स काढले आणि मामांनी त्यावर निमूट सही केली.

पुढे दावा चालला, मामा हरले. बांधाची पट्टी गेली. निकालाच्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मामी चुलीपाशी धुमसत होती.

"नाव कायले सांगतलं? एक दिस तर राह्यला होता!"

मामा खाली मान घालून भाकरी मोडत होते. "पानी पेऊन त्यानं नाव इचारलं वं," ते म्हणाले. "तवा कसं लपवू?"

तव्यावरची भाकरी मामीने त्यांच्या ताटात टाकली, आणि तिच्यावर जरा जास्तच लोणी घातले.