साडेसोळाचा मधुभाऊ

मधुभाऊला हार्ट अटॅक आला. तो येतोय हे महिनाभर आमच्या मोबाइलवर दिसत होतं.

तो गेला, त्याला आज वर्ष झालं.

आमच्या सायकल ग्रुपचा एक नियम होता. रविवारच्या राइडमध्ये ज्याचा ॲव्हरेज स्पीड सर्वांत कमी, त्याने पुढच्या रविवारी पाने, पंप, ट्यूबांची पिशवी वाहायची.

नियम माझाच. संस्कृतच्या मास्तराला आकडे मिळाले की तो असाच चेकाळतो.

शेवटचे पाच रविवार पिशवी मधुभाऊकडे होती.

म्हणजे जो मागे, त्यालाच ओझं. ओझ्यामुळे तो आणखी मागे. एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नाही.

त्यात सेमिनरी हिल्सच्या चढावर कोणाची चेन उतरली की हाक त्यालाच. तो थांबायचा, हात काळे करायचा, आणि चढावर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

"मधुभाऊ, ॲव्हरेज साडेसोळा? दूधवाला पुढे गेला ना!"

"जाऊ दे ना बे. त्याच्या गिऱ्हाइकाले चहा पाह्यजे असन. मले कोणती घाई हाय?"

मी त्याचं नाव मंदाक्रांता ठेवलं. संस्कृतातलं संथ चालीचं वृत्त.

"बाईचं नाव काहून ठेवलं गा पंडित?" एवढंच म्हणाला.

परवा वहिनींनी त्याचा मोबाइल दिला. "यातले फोटो काढून द्या, भाऊजी."

मी आधी सायकलचं ॲप उघडलं. ग्रुपमधल्या प्रत्येकाची राइड त्यात सगळ्यांना दिसायची.

आम्ही फक्त पहिली ओळ वाचायचो. वेग.

त्याखाली हृदयाचे ठोके होते. मुलीने दिलेलं घड्याळ इमानदारीत नोंदवत होतं. तोच चढ. वेग दर रविवारी थोडा कमी, ठोके दर रविवारी जास्त.

सर्वांत जास्त जोर लावणारा माणूस सर्वांत शेवटी येत होता. आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो.

हे सगळ्यांनाच दिसलं असतं. फक्त बोट खाली सरकवायचं होतं.

पाचव्या राइडखाली माझी कमेंट आहे, "मंदाक्रांता, पिशवी तुझीच!"

त्याखाली त्याची, "यावेळी तू घे गा पंडित. दम नाही पुरून राहिला."

त्यावर मी हसरा इमोजी टाकलाय. तीनदा.

पुढच्या रविवारी तो पिशवी घेऊनच आला.

चढाच्या अर्ध्यावर थांबला.

त्या दिवशी चेन कोणाचीच उतरली नव्हती.

मधुभाऊ, पिशवी मी घेतली आहे. एक वर्ष उशिरा.

शेवटचा नमस्कार, मित्रा.