माहितगार बानूबाई

न्हावऱ्यात कुणाला यात्रेची काही माहिती हवी असली की ते माणूस सरळ बानूबाई मणेरणीचं घर गाठायचं. जेजुरीला सोमवती कधी, सिद्धटेकला जायला होडी कुठून मिळते, रांजणगावच्या गर्दीत चपला कुणाच्या जिवावर सोडायच्या, सगळं तिला तोंडपाठ. असणारच की. लग्न होऊन आल्यापासून सव्वीस वर्षं ती नवऱ्याबरोबर, म्हणजे सुभानबरोबर, बांगड्यांच्या पेट्या घेऊन यात्रा करत होती. वर्षाकाठी अकरा यात्रा ठरलेल्या. यात्रा नसली की ती गावात घरोघर बांगड्या भरायची आणि भरता भरता यात्रेच्या गोष्टी सांगायची. बांगडी चढताना हात दुखतो. पण बाईचं ध्यान गोष्टीत गेलं की तिचा हात आपोआप सैल पडतो आणि सव्वादोनच्या मापाची बांगडी अडीचच्या हातातसुद्धा अलगद जाते. तेव्हा गोष्ट हा बानूबाईच्या धंद्याचाच जिन्नस होता, हाताला लावायच्या साबणासारखा.

आणि गोष्टी तरी कसल्या! भुलेश्वरच्या पिंडीवर म्हणे सोन्याचा नाग आहे आणि तो श्रावणात डोळे उघडतो. कळस इतका उंच की बघताना डोक्यावरचा पदर मागं पडतो. दारातून पाऊल टाकलं की समोरच पिंड, मधे काही आडकाठी नाही. बाया तोंडाचा आ करून ऐकायच्या. आ झाला की बानूबाई आणखी दोन बांगड्या चढवायची.

आता खरं सांगायचं तर बानूबाईनं यातलं काहीएक पाहिलेलं नव्हतं. सव्वीस वर्षांत ती एकाही देवळात गेली नव्हती. मुसलमान म्हणून तिला कुणी अडवलं होतं असं मुळीच नाही. अडवलं होतं ते दुकानानं. यात्रेच्या दिवशी पहाटेपासून बाया रांगा लावून बसायच्या, आणि काच भरताना नजर जरा हलली की मनगटात रक्त. त्यामुळे दिवसभर खाली मान. यात्रा सरली की पेट्या बांधायच्या आणि पुढच्या यात्रेची वाट धरायची. तिनं बघितले ते हात. हजारो हात, कष्टाचे, मेंदीचे, शेणामातीचे. गोष्टी तिनं त्या हातांच्या मालकिणींकडूनच गोळा केल्या होत्या, आणि जिथं कमी पडल्या तिथं पदरच्या घातल्या होत्या.

हे सुभानला तेवढं माहीत होतं. तो शांत माणूस. बायकोनं गावाला थाप मारली की तो बिडी शोधायला बाहेर जायचा.

पंच्याहत्तर साल उजाडलं आणि यंदा महिला वर्ष आहे असं रेडिओनं जाहीर केलं. महिला वर्षात नेमकं काय करायचं हे रेडिओनं सांगितलं नव्हतं. पण गावच्या महिला मंडळाच्या सोजरबाईंनी त्याचा अर्थ असा लावला की बायकांनी एक दिवस पुरुषांना घरी ठेवून सहलीला जायचं. कुठं जायचं यावर तीन दिवस भांडण झालं आणि शेवटी भुलेश्वर ठरलं. यात्रेत गर्दी फार, म्हणून संक्रांतीनंतरचा रविवार धरला आणि एसटीची एक गाडी ठरवली.

"माहितगार म्हणून बानूला घ्या," आक्काबाई म्हणाल्या. "तिचं भाडं मंडळानं घालायचं. तिनं आमाला समदं फिरून दावायचं."

आक्काबाई म्हणजे गावातली सगळ्यात संशयी बाई. दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट घालून चाखल्याशिवाय त्या दूध घ्यायच्या नाहीत. त्यांच्यासमोर थाप टिकायची नाही, हे बानूबाईला कळत होतं. पण तोंडानं ती म्हणाली, "व्हय की. त्यात काय!"

घरी येऊन तिनं सुभानला सांगितलं. तो बिडी शोधायला गेला नाही. उलट खाटेवर नीट मांडी घालून बसला.

"तू तिथलं काय बघितलंस गं?" त्यानं विचारलं. "माझी पाठ आन् बायांचे हात. दुसरं काय?"

"मग तुमी काय बघितलंत?"

"मी पेट्या बघितल्या," सुभान प्रामाणिकपणे म्हणाला. "बानू, आजारी पड. ताप आला म्हणून सांग."

तिला ते पटत नव्हतं असं नाही. पण आजारी पडलं तर आक्काबाई कपाळाला हात लावून बघायला येणार, हे तिला ठाऊक होतं. आणि थाप उघडी पडली तर? मग गावात तिला दारात कोण उभं करील? बांगड्या काय, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातही मिळतात. बानूबाईकडून घ्यायच्या त्या तिच्या शब्दासाठी. हे मनात येऊन तिला रात्रभर डोळा लागला नाही.

रविवारी सकाळी गाडीत बावीस बाया, बावीस भाकरीची गठुडी आणि एक ड्रायव्हर, ज्योतिबा नावाचा. बायांनी त्याला आधीच बजावलं होतं की मागं वळून बघायचं नाही. बानूबाईला पुढच्या सीटवर मानानं बसवलं. भीमा ओलांडेपर्यंत तिनं वेळ चांगली मारून नेली. ह्या गावच्या बायांचे हात मोठे, त्या गावच्या सुना मापापेक्षा लहान बांगडी मागतात आणि घरी जाऊन रडतात, अशा गोष्टींनी गाडी हसून हसून बेजार झाली. चौफुला आला, तिथली तमाशाची थेटरं दिसली, तेव्हा सगळ्या एकदम खिडकीकडं धावल्या.

"आमचे मालक बैल इकाय जात्यात ते हितंच का गं?" सोजरबाईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाली, बैल काय खपंना," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुढं यवतपर्यंत सोजरबाई कुणाशी बोलल्या नाहीत.

यवत मागं पडलं, गाडी माळरानानं चढाला लागली आणि एका उघड्याबोडक्या टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिली. वारा सोडला तर तिथं चिटपाखरू नव्हतं.

"उतरा," ज्योतिबा म्हणाला. "आलं भुलेश्वर."

बानूबाई खाली उतरली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तिचं भुलेश्वर म्हणजे पालं, पाळणे, रेवड्यांचे ढीग, शिट्ट्यांचा कालवा. इथं नुसते दगड आणि वाळकं गवत.

"ह्ये भुलेश्वर न्हवं," ती ठणकावून म्हणाली.

"मावशी, मी वर्षात दहा खेपा घालतो हितं."

"मी सव्वीस वर्षं येतीया! दुसरीकडंच आणलंस तू. चल, वळीव गाडी."

झालं. अर्ध्या बाया बानूबाईच्या बाजूनं, अर्ध्या ज्योतिबाच्या. एक जण तर परत गाडीत जाऊन बसलीसुद्धा. ज्योतिबा बिचारा टोपी काढून टेकडीकडं बोट दाखवत राहिला. सोजरबाई म्हणाल्या, बानूबाईचा शब्द म्हणजे शब्द, गाडी वळवा. आक्काबाई फक्त बानूबाईकडं बघत होत्या.

तेवढ्यात बानूबाईच्या पायाखाली काहीतरी कचकन वाजलं. तिनं वाकून पाहिलं. मातीत काचेचे तुकडे होते. हिरवे, लाल, पिवळे, मोरपिशी, वर्षानुवर्षांचे, पावसानं वर आलेले. तो मोरपिशी रंग तर तिनं एकदाच आणला होता, आणि अर्धा डझन बांगड्या इथंच, भरता भरता गेल्या होत्या. म्हणजे ती सव्वीस वर्षं ज्या जागेवर बसली होती तिथंच उभी होती आणि तिला ती ओळखू आली नव्हती. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून ती पदर सावरत बसली.

"ह्येच हाय," ती उठून म्हणाली. "भुलेश्वरच हाय. चला वर."

ज्योतिबानं टोपी घातली.

वर चढल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. कळस म्हणावा तसा दिसेना. समोर उभी काळी दगडी भिंत, एखाद्या गढीची असावी तशी. दार दिसेना, पिंड तर नाहीच नाही. बाया तिच्या तोंडाकडं बघू लागल्या. बानूबाईनं देवाचं आणि अल्लाचं, दोघांचंही नाव घेतलं आणि "ह्या अंगानं" म्हणून डावीकडं चालू लागली. माघारी एकवीस बाया. भिंत संपेना. पुढं निवडुंग आला, मग दोन शेळ्या आल्या, मग कडा आला. कड्याशी बानूबाई थांबली, कारण त्यापुढं थांबण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"बानू," आक्काबाई पुढं येऊन म्हणाल्या, "खरं सांग. तू कवा आत गेली व्हतीस का?"

वाऱ्यानं सगळ्यांचे पदर फडफडत होते. थाप तिच्या जिभेवर तयार होती. देवळाचं तोंड भूकंपानं फिरलं, असं म्हणायचं तिनं ठरवलंही होतं. पण आता तिलाच आपल्या थापांचा कंटाळा आला.

"न्हाई," ती म्हणाली. "एकदाबी न्हाई. भुलेश्वर न्हाई, जेजुरी न्हाई, कायबी न्हाई. मी खाली बसून तुमचे हात बघितले. नाग बी मीच बशिवला पिंडीवर."

एका शेळीनं तेवढ्यात कुणाच्या तरी गठुड्यातली भाकरी ओढली आणि बाकीच्या सगळ्या जणी तिच्यामागं धावल्या. कड्याशी दोघीच उरल्या.

"सव्वीस वर्षं?" आक्काबाईंनी विचारलं.

"सव्वीस."

"आन् कवा वाटलं न्हाई, वर जावं?"

"लई वाटायचं आक्का. बाया वरनं उतरायच्या तवा त्यांची तोंडं बघायची मी, जरा येळ गावला की. काय बघून आल्या आसत्याल, म्हनायची. मग त्या हात म्होरं करायच्या आन् मी मान खाली घालायची."

आक्काबाई संशयी होत्या, पण दगड नव्हत्या. इतकी वर्षं आपला हात हिच्या हातात देताना हिचं मनगट कसं आहे हे आपण कधी पाहिलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बानूबाईचं मनगट धरलं. "चल," त्या म्हणाल्या. "दार कुठंतरी आसंलच. देवाला काय भिंतीवरनं उडी मारून जावं लागत न्हाई."

दार उलट्या बाजूला होतं. भिंतीच्या पोटात एक अंधारा जिना होता, एकामागं एक जावं लागेल इतका चिंचोळा. चढून वर आलं की समोर नंदी, आणि मग सगळीकडं माणसंच माणसं, दगडाची. हत्ती, घोडे, लढाया, नाचणाऱ्या बाया. बानूबाईचा आ झाला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचा आ करवत आली होती ती.

मग सवयीनं तिची नजर त्या दगडी बायांच्या मनगटांवर गेली. "आगं, हिनं हातभर चुडा भरलाय बघ! ही घरची दांडगी. आन् ही म्होरली, हिचा हात सव्वादोनचा, तरण्या पोरीचा. हिला कुणी जबरीनं भरलेल्या दिसत्यात, बोटं बघ कशी आवळलीत." बाया शेळीकडून परतल्या होत्या. त्या भोवती जमल्या. एकीनं विचारलं, "आन् हिचा हात फुटलाय त्यो?"

"फुटला म्हनू नगं. वाढला म्हन. बांगडीला म्हंतो तसं."

गाभाऱ्याच्या भिंतीवर उंच जागी तिला एक मूर्ती दिसली. सोंड गणपतीची, अंग बाईचं. ती तिच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की सोजरबाईंना तिला ओढून न्यावं लागलं. पिंडीवर नाग नव्हता. बायांनी तो आठवणीनं शोधला आणि नाही म्हटल्यावर बानूबाईला मनसोक्त चिडवलं. पण तिच्याकडून बांगड्या भरायचं कुणी सोडलं नाही. उलट परतीच्या वाटेवर दोघींनी गाडीतच माप दिलं.

घरी आल्यावर बानूबाईनं सुभानला सगळं सांगितलं. शब्दन् शब्द खरा, आयुष्यात पहिल्यांदाच. भिंत, जिना, नंदी, चुडे. सुभान मान डोलवत ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "आन् तिथं एक गनपती हाय, बाईचा."

सुभान उठला आणि बिडी शोधायला बाहेर गेला.

बानूबाई त्याच्या पाठीकडं बघतच राहिली. सोन्याचा नाग गावानं मुकाट्यानं मानला होता, आणि हे खरं, डोळ्यांनी पाहिलेलं, घरच्या माणसाला पटेना! तिला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आपण एवढं बघून आलो, आणि ते सांगायला ज्याच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

दीड महिन्यानं महाशिवरात्र आली. भुलेश्वरच्या पायथ्याशी पालं लागली, पाळणे फिरू लागले, बानूबाईसमोर रांग बसली. दुपारी, गर्दी अगदी ऐन भरात असताना, तिनं हातातली बांगडी पेटीत ठेवली. पेटीला झाकण लावलं, वर चादर टाकली आणि सुभानचं मनगट धरलं.

"आगं, गिऱ्हाईक!" तो म्हणाला.

"उठा," ती म्हणाली. "वर जायचं."

दोघं गर्दीत शिरले, आणि गर्दीबरोबर टेकडी चढू लागले. रांगेतल्या बाया थोडा वेळ हात पुढं करून बसल्या. मग एकीनं शेजारच्या रेवडीवाल्या म्हाळूला विचारलं, "आबा, मणेरीण कुठं गेली वं?"

म्हाळू तीस वर्षं त्याच जागेवर रेवड्या विकत होता. त्यानं तराजू खाली ठेवला आणि चढावर दिसेनाशा होणाऱ्या त्या दोघांकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"देव बघाय गेल्याती दोगं," तो म्हणाला. "कायबी याड लागतं मान्साला. यात्रेच्या दिवशी कुणी देव बघाय जातं व्हय?"