घड्याळ माझ्या बाजूला होतं

जे माझ्या पत्नीला सांगायला हवं होतं, ते मी तुम्हांला सांगतो आहे. हा क्रम चुकीचा आहे, याची मला जाणीव आहे. पण तिच्यासमोर हे शब्द आजवर ओठांवर आले नाहीत, आणि इतर कुणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता — कारण वरवर पाहता घडलं असं काहीच नाही. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही.

मी द्वारका चौकाजवळच्या एका मालवाहतूक कार्यालयात नोकरीला आहे. परराज्यांतल्या व्यापाऱ्यांच्या इंग्रजी पत्रांना उत्तरं लिहिणं हे माझं काम. पंचवटीतल्या आमच्या इमारतीत कुणाकडे विम्याचा कागद आला की तो माझ्याकडे येतो. मंगल, माझी पत्नी, फुलं पिकवणाऱ्या घरातली; मराठी शाळेत शिकलेली, मुलं मोठी झाल्यावर बाहेरून बी.ए. झालेली. आमच्या घरात इंग्रजी ही माझी वस्तू होती. हे आम्ही कधी बोलून ठरवलं नव्हतं. मला ते किती प्रिय होतं, हे मात्र पुढे कळलं.

विधी महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला वयाची अट नाही, हे मंगलनेच शोधून काढलं. या वयात वकिली कशाला, असं मी हसत विचारलं. तिने न हसता सांगितलं. वडील गेल्यावर भावांनी तिला हक्कसोडपत्रावर सही करायला निबंधक कार्यालयात नेलं होतं. मळ्यातला वाटा तिने मागितलाही नसता — आमच्याकडे बहिणी मागत नाहीत — पण ती कागद वाचू लागली तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, ताई, आटप, साहेब उठतील. तिने सही केली. भावांनी साडीचोळी केली. वाटा गेल्याचं तिला दुःख नव्हतं; वाचू दिलं नाही, याचं होतं. अशा सह्या करणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून कागद सावकाश वाचून दाखवायचा, एवढ्यासाठी तिला वकील व्हायचं होतं. मग मीही अर्ज भरला. तिला सोबत म्हणून — असं मी तेव्हा म्हणालो.

परीक्षेत इंग्रजी उताऱ्यांवर प्रश्न असतात. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मार्गदर्शिका उघडून आम्ही समोरासमोर बसायचो. मी क्लासवाले सांगतात तसं करायचो: आधी प्रश्न वाचायचे, मग त्यातले शब्द उताऱ्यात शोधायचे. मंगल तसं करत नसे. ती उतारा गोष्टीसारखा सबंध वाचायची, ओळीखालून बोट फिरवत, अडलेल्या शब्दापाशी थांबत. एकदा देवमाशांवरचा उतारा संपवून म्हणाली, “पिल्लू एवढं दूध पितं म्हणे. आपल्या दूधवाल्याचं काही खरं नाही.” आणि मग भराभर खुणा करून मोकळी झाली.

पहिल्याच रविवारी तिची सगळी उत्तरं बरोबर आली. माझी काही चुकली. ‘लेखकाची भूमिका कोणती’ या प्रश्नावर तर मी पुरता फसलो होतो. तिने मला समजावलं — हो, तिने मला — की हा माणूस स्तुती करतोय खरी, पण त्याला स्वतःलाच ती पटलेली नाही. बघा ना, दर वाक्यात ‘कदाचित’ घालतोय.

तिचं बरोबर होतं. मला ते आवडलं नाही. याहून मोठं कारण असावं म्हणून मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

पुढच्या रविवारी मी सुचवलं, आता वेळ लावून सराव करू. मोबाईलवर घड्याळ लावलं आणि तो माझ्याकडे ठेवला, पडदा माझ्या बाजूला. ती शेवटच्या उताऱ्याच्या मध्यावर होती. वेळ अजून शिल्लक होता. आणि मी म्हणालो, “झाली वेळ.” तिने पेन्सिल तत्क्षणी खाली ठेवली, शाळेतली मुलं ठेवतात तशी. मी दचकलो का? लाज वाटली का? नाही — मला हायसं वाटलं.

त्यानंतर दर रविवारी मी तेच केलं. थोडाच वेळ कापायचो, संशय येऊ नये इतकाच. अनोळखी लेखकाच्या मनातली शंका ओळखणारी मंगल — तिने तो मोबाईल एकदाही पाहायला मागितला नाही. आपणच हळू आहोत, असं ती धरून चालली. आणि मी तिला धीर देत असे! होतं असं, तुला सवय नाही, म्हणत असे. तिच्या भावाने निदान एकदाच घाई केली होती.

हळूहळू तिने उतारे सबंध वाचणं सोडलं. माझ्यासारखे शब्द हुडकू लागली, आणि तिची उत्तरं माझ्यासारखी चुकू लागली.

परीक्षा संगणकावर झाली. बाहेर आल्यावर फाटकापाशी आम्ही उसाचा रस घेतला. ती ग्लास नुसता धरून उभी होती. शेवटचा उतारा आपला कधीच पुरा होत नाही, म्हणून तिने तो वाचलाच नव्हता. अंदाजाने खुणा करून टाकल्या होत्या. मग पाहिलं तर पडद्यावर पुष्कळ वेळ उरलेला. पण तोवर धीर सुटला होता, अक्षर लागेना.

“अहो,” ती म्हणाली, “तिथलं घड्याळ हळू चालत होतं का?”

त्यात आरोप नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. परीक्षेत असं वाटतं कधीकधी, असं मी म्हणालो.

मला प्रवेश मिळाला, तिला नाही. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. सकाळच्या वर्गाला निघताना ती डबा हातात देते. तिच्या बचत गटातल्या बायका कागद घेऊन येतात, तेव्हा ती ते हातातही घेत नाही. “यांना दाखव बाई, माझं वाचन लय हळू,” असं म्हणून चहा ठेवायला आत जाते. मराठी कागद असला तरीही.

यंदा अर्ज सुरू झाले, तेव्हा मी तिला म्हणालो, पुन्हा भर. ती मेथी निवडत होती. “तुम्ही एवढा जीव ओतून सराव घेतला, तेव्हा जमलं नाही,” ती म्हणाली. “आता काय उजेड पडणार आहे?”

तू कधीच हळू नव्हतीस — एवढं एक वाक्य होतं. ते उच्चारलं असतं तर तिने अर्ज भरला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते उच्चारल्यावर तिच्या नजरेत मी कोण उरलो असतो, हेही ठाऊक होतं.

अर्जाची मुदत एकदा वाढली. त्या सबंध काळात आम्ही रोज एकत्र जेवलो. गेल्या आठवड्यात मुदत संपली. मी बोललो नाही.