डू आला की टाळी

दोष गव्हाणे सरांचा. नाव घेऊनच सांगतो, कारण आमच्या नगरमध्ये मोठ्या माणसाची चूक काढायची म्हटलं की लोक आधी दार लावून घेतात! सावेडीत टायरच्या दुकानावर सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. जिन्यात चपला साठायच्या तसे तिथले किस्से साठलेत. कुठला कधीचा, ते आता आठवत नाही.

मी बी.ए.च्या सेकंड इयरला होतो. सर आमच्या तात्यांना म्हणाले, "कॉलेज सोडवा, पोरगं माझ्याकडे द्या. शिर्डीत हॉटेलच्या रिसेप्शनला लावतो. शब्द माझा!"

तात्यांनी आईला विचारलं, चुलत्याला विचारलं. मला सोडून सगळ्यांना विचारलं. कॉलेज सुटलं.

*

सरांची पद्धत भारी. "प्रश्नातलं हेल्पिंग व्हर्ब म्हणजे घरातला थोरला! एरवी आत बसतो, प्रश्न आला की पुढे येतो. थोरला आला की टाळी!"

मग सगळा वर्ग एका सुरात, "डू..." टाळी! "...यू लाइक टी?" खालचा टायरवाला कुणाला पत्ता सांगताना म्हणायचा, "वर आरती चालू असंल, तोच क्लास."

आमच्या घरात प्रश्न आला की थोरले मागच्या दाराने शेतात जायचे. हे मी सरांना सांगितलं नाही.

*

"वाक्यात थोरला नसेल तर डू उसना आणायचा," सर म्हणाले.

मी हात वर केला. "सर, पण का?"

"तू प्रश्न विचारू नको," सर म्हणाले. "प्रश्न तयार कर!"

*

घोडेगावच्या बाजारात तात्यांना म्हैस घ्यायची होती आणि माझं इंग्रजीही मिरवायचं होतं. व्यापाऱ्यासमोर म्हणाले, "इचार की इंग्रजीत! कळू दे लोकांना."

मी म्हटलं, "डज..." आणि हात आपोआप वाजले. म्हैस बिथरली, दावं तुटलं, तात्या शेणात.

व्यापारी शांतपणे म्हणाला, "पोरगं लई शिकलंय व्हय? आता तिच्यामागं पळत इचार!"

*

एकदा सरांनी प्रॅक्टिसला शिर्डीत पाठवलं. बाहेरगावचे एक काका दिसले. मी विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?" टाळी. काका प्रेमाने बरंच काही सांगत बसले. पण उत्तरं आम्हाला शिकवलीच नव्हती. मी पुढचा प्रश्न टाकला, "व्हेन डिड यू कम?" टाळी. "हाऊ मेनी बॅग्ज डू यू हॅव?" टाळी.

काकांनी बॅग छातीशी धरली. "आर यू पोलीस?"

सरांना सांगितलं, तर ते खूश! "आर पुढे होता ना? मग झालं तर!"

*

शेवटी हॉटेलचा इंटरव्ह्यू आला. सर स्वतः सोबत आले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मॅनेजर मॅडम वयाने फार तर माझ्या मोठ्या बहिणीएवढ्या. त्यांनी माझा कागद वाचला, वर बघितलं आणि विचारलं, "व्हाय डिड यू लीव्ह कॉलेज?"

पहिल्यांदाच कुणीतरी मला हे विचारत होतं. उत्तर माझ्याकडे होतं. मोडक्या इंग्रजीत का होईना, दिलं असतं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात शेजारी खणखणीत टाळी वाजली.

"व्हेरी गुड, मॅडम!" सर म्हणाले. "डिड एकदम जागेवर!"

नोकरी मिळाली नाही. कॉलेजने परत घेतलं नाही.