कोमलच्या पिकअपचे टायर

परंदवडीची कोमल पिकअप चालवते, याचं गावाला आता नवल राहिलेलं नाही. नवरा सत्यम एका कंपनीत शिफ्टला जायचा आणि सासऱ्यांनी, भिमाजी आबांनी, गुलाबाच्या पॉलिहाउससाठी घेतलेली गाडी दारात नुसती उभी राहायची. म्हणून ती शिकली. आता सकाळी तळेगावला फुलं, मग तुंगार्लीच्या बंगल्यांना रोपं आणि खताच्या गोण्या, आणि परतताना कार्ल्याच्या वरच्या वाडीतलं दूध.

त्या वाडीचा रस्ता मात्र छळायचा. खाली भातखाचरांतला चिखल, वर ओला कातळ. पावसाळ्यात गाडी खालीच ठेवावी लागे आणि दुधाचे कॅन माणसं डोक्यावरून उतरवत. यंदा टायर गुळगुळीत झाले तेव्हा आबांनी ठरवूनच टाकलं, ट्रॅक्टरसारखे मोठ्या गट्टूंचे, म्हणजे रबराच्या जाड ठोकळ्यांचे, घ्यायचे. टायरवाल्या विठ्ठलनं तसले वापरलेले टायर चढवून दिले आणि आधी फिरवून बघा म्हणाला.

कोमलनं फिरवले. चिखलात गाडी म्हशीसारखी निवांत चालली. पण हायवेला टायर असे घुमायला लागले की शेजारी बसलेल्या आबांचं बोलणं ऐकू येईना. कातळावर तिनं ब्रेक दाबला, तर गाडी मागून सरकली. आबांनी दरवाजा घट्ट धरला.

दुकानात परत आल्यावर ती त्यांना म्हणाली, “आबा, चिखल हाय तो खाचरापुरता. तितं मी टायरची हवा कमी करून गाडी काढीन. पर कातळावर पकड कुटनं आणू?”

आबांनी विठ्ठलला ते टायर उतरवायला सांगितलं. मग म्हणाले, “गाडी तू चालवतीस. तूच ठरव.”

तिनं मध्यम खाचांचे घेतले, गट्टूंवर ओला दगड धरणाऱ्या बारीक चिरा असलेले, चारी चाकांना सारखेच.

त्याच पावसात वाडीच्या सरूबाईचा पाय मोडला. प्लास्टर घालून दवाखान्यातून सोडलं, पण घरी न्यायचं कसं? मुलगा झोळी करायला माणसं गोळा करत होता. कोमल म्हणाली, मी सोडते.

खाचराआधी तिनं टायर पसरून रुतू नयेत म्हणून त्यांची हवा थोडी सोडली आणि पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगानं, न थांबता चिखल पार केला. वर टायरात पंपानं पुन्हा हवा भरली. कातळावर चाकं एकदा जराशी घसरली. कोमलनं घाई केली नाही. पाय हलका केला आणि टायरांना दगड धरू दिला.

गाडी थेट सरूबाईच्या अंगणात थांबली. म्हातारी बाहेर बघत म्हणाली, “दारातच आणलंस की गं.”

“व्हय मावशी. आता दूधबी हितनंच भरू.”

पुढच्या बुधवारी पाय दाखवायला न्यायचं होतं. कोमलनं सकाळी लवकर तयार राहायला सांगितलं आणि कॅन चढवायला घेतले.